मोबाइलवरील चावडी आणि माणसाचे हक्क

१

'सायबर छळ' हा शब्द आपल्याकडे आला तो शाळकरी मुलांच्या निमित्ताने. मोठ्या शहरातील शाळा, सुखवस्तू घरांतील मुले, एकमेकांची केलेली टिंगल आणि त्यातून आलेले नैराश्य, अशा चौकटीत वर्तमानपत्रांनी हा विषय मांडला. मग समुपदेशकांनी पालकांना चार सूचना केल्या आणि विषय संपला. या मांडणीत खोटे काही नाही. पण ती अपुरी आहे. ज्या समाजात माणसाची पायरी जन्माने ठरते, त्या समाजात टिंगलही जन्म पाहूनच केली जाते. दलित, आदिवासी आणि त्यांतही स्त्रिया यांच्या वाट्याला मोबाइलच्या पडद्यावर जे येते, त्याला मुलांच्या खोड्या म्हणणे ही निव्वळ दिशाभूल आहे. सार्वजनिक अपमानाची जी रीत पूर्वी चावडीवर, पारावर आणि पाणवठ्यावर चालत असे, तीच आज नव्या साधनाने चालू आहे. म्हणून हा प्रश्न मनाच्या आरोग्याचा असण्याआधी माणसाच्या हक्काचा आहे, अशी माझी भूमिका आहे. ती येथे थोडी विस्ताराने मांडतो.

मी इगतपुरीसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवतो. वडील रेल्वेत गँगमन होते; आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझ्या वर्गात डोंगरावरच्या पाड्यांतील महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी मुले असतात, बौद्ध वस्तीतील असतात, मराठा शेतकऱ्यांचीही असतात. यांतील अनेकांच्या घरात पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक नाही. पण मोबाइल बहुतेकांच्या हातात आहे. घाटमाथ्यावर पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते, रेंज मिळविण्यासाठी मुले टेकडीवर चढतात, तरीही हे यंत्र त्यांना सोडवत नाही. त्यांची हौस म्हणून याकडे पाहणाऱ्यांना या यंत्राचा आपल्या समाजाशी असलेला संबंध कळलेलाच नाही.

२

तो संबंध समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले, तेही पैशांच्या विवंचनेतच चालले. ज्यांच्याजवळ छापखाना होता त्यांच्याजवळ वाचा होती. ज्यांच्याजवळ तो नव्हता त्यांना मुके म्हटले गेले. साठोत्तरी काळात अनियतकालिके निघाली, तीही याच कोंडीतून. संपादकाच्या टेबलावर आपले लेखन अडकत असेल, तर ते टेबलच ओलांडायचे, असा तो पवित्रा होता.

मोबाइलने हे टेबल एका अर्थी हटविले. पाड्यावरच्या मुलीला आज आपली कविता कोणाची परवानगी न घेता चार माणसांपुढे ठेवता येते. १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, गावातला अन्याय, शिष्यवृत्ती न मिळाल्याची तक्रार, हे सारे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता येते. शंभर वर्षांपूर्वी ज्या साधनासाठी आपल्या नेत्याला वणवण करावी लागली, त्याचाच हा लहानसा अवतार आहे. या साधनावरून तिला हुसकून लावणे म्हणजे नेमके काय हिरावून घेणे आहे, हे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

आणि हुसकून लावले जाते. त्याचे प्रकार ठरलेले आहेत. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याला 'सरकारचा जावई' म्हणायचे. निकाल लागला की नावापुढे 'कोट्यातला' अशी मोहोर उमटवायची. बाबासाहेबांच्या चित्राची विटंबना करून ते जयंतीच्या दिवशी मुद्दाम गटावर टाकायचे. मुलीचा फोटो दुसऱ्याच फोटोवर चिकटवून गावभर फिरवायचा. आंतरजातीय प्रेमाची कुणकुण लागली की दोघांचे फोटो, नावे, पत्ते चव्हाट्यावर मांडायचे. कोणी उलट उत्तर दिलेच तर पन्नास जणांनी मिळून तुटून पडायचे. आणि शेवटी गावाच्या गटातूनच काढून टाकायचे. यातला एकही प्रकार आपल्याला नवा नाही. शेवटच्याला तर आपल्याकडे जुना शब्दच आहे: वाळीत टाकणे. ज्या गटावर पाण्याच्या टँकरची वेळ, रेशन आल्याची बातमी आणि ग्रामसभेची सूचना येते, त्या गटातून एखाद्या वस्तीची माणसे वगळणे याला दुसरे काय म्हणायचे? सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याच्या प्रकाशात या वगळण्याकडे कोणी पाहत नाही, कारण ते 'केवळ मोबाइलवरचे' असते.

३

'केवळ मोबाइलवरचे' या दोन शब्दांत मोठी फसवणूक आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण सांगतो. जयंतीच्या कार्यक्रमात ती चांगले बोलली. संध्याकाळी तिच्या गावच्या गटावर तिचा फोटो आला आणि खाली ओळ आली, 'फुकटच्या फीने वाचा फुटली.' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. हसणाऱ्यांत तिच्याबरोबर एकाच गाडीने कॉलेजला येणारी मुले होती. तिला कोणी मारले नाही, कोणी वाट अडविली नाही. पण ती आठ दिवस आली नाही. पुढे आली ती मागच्या बाकावर बसू लागली आणि त्यानंतर व्यासपीठावर चढली नाही. घरच्यांनी काळजीपोटी तिचा मोबाइल काढून घेतला. ज्यांनी छळ केला त्यांचे मोबाइल त्यांच्याच खिशात राहिले. शिक्षा झाली ती जिचा छळ झाला तिला!

जुन्या चावडीवरचा अपमान भयंकर होता. पण त्याला काही मर्यादा होत्या. तो त्या दिवसापुरता, त्या गावापुरता असे. माणूस वस्तीत परतला की निदान आपल्या माणसांत येत असे. वस्ती हे दारिद्र्याचे घर होते, तसेच ते आश्रयाचेही घर होते. मोबाइलवरच्या चावडीने हा आश्रय मोडला. रात्री झोपडीत, आईच्या शेजारी पडलेल्या मुलीच्या उशाशी ती चावडी भरते. तिला वेस नाही. एकदा टाकलेले चित्र कितीजणांनी पुढे पाठविले याची मोजदाद होत नाही आणि ते पुसून टाकले तरी दुसऱ्या कोणाकडे शिल्लक राहते. चावडीवर शिव्या देणाऱ्याचे तोंड दिसत असे, येथे तेही झाकता येते.

हा छळ पडद्यावरच संपतो, असेही नाही. मे २०१५ मध्ये आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, शिर्डीत, बाबासाहेबांवरच्या गीताच्या रिंगटोनवरून वाद होऊन नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. खिशातल्या यंत्रातून उमटलेला सूरसुद्धा काहींना सहन होत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली. वरिष्ठांनी केलेल्या ज्या छळाची तक्रार कुटुंबीयांनी केली, तीत व्हॉट्सॲपच्या गटावर झालेल्या पाणउताऱ्याचाही समावेश होता. त्यावर खटला उभा राहिला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण सहकाऱ्यांच्या गटावरचा पाणउतारा शस्त्रक्रियागृहापर्यंत सोबत येतो, हे तरी आता कोणी नाकारू नये.

४

या साधनाच्या सामूहिक रूपाचा अनुभव आमच्या भागाने ऑक्टोबर २०१६ मध्ये घेतला. इगतपुरीला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, तळेगाव अंजनेरी येथे, एका पाच वर्षांच्या बालिकेवर अत्याचाराचा प्रयत्न झाला. संशयित अल्पवयीन मुलगा होता आणि तो पोलिसांच्या ताब्यात होता. त्या बालिकेचे दुःख खरे होते आणि तिच्या बाजूने उभे राहणे प्रत्येकाचे कर्तव्य होते, यात दुमत नाही. पण तो मुलगा दलित होता, एवढ्यावरून सगळा समाज आरोपी ठरविण्यात आला. ९ ऑक्टोबरला रस्ते अडविले गेले, एस.टी. बसगाड्या जाळल्या गेल्या, काही गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांची घरे आणि वाहने फुटली. मोबाइलवरून अफवा धावत होत्या. अखेर प्रशासनाने नाशिक जिल्ह्यातील मोबाइलवरचे इंटरनेट बंद केले.

जातीय अफवेला मोबाइल लागतोच असे नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या जळाल्या. तेव्हा कोणाच्या खिशात असले यंत्र नव्हते. द्वेष आधीचाच आहे. यंत्राने त्याला वेग आणि संख्या दिली. म्हणूनच केवळ यंत्र बंद करून द्वेष बंद होत नाही. उलट इंटरनेट बंद पडले तेव्हा अफवा पसरविणाऱ्यांबरोबर हल्ला झालेल्यांचेही तोंड बंद झाले. आपल्या वस्तीत काय घडले याचे चित्र बाहेर पाठविण्याचा त्यांचा मार्ग तुटला. इंटरनेटवरून बोलण्याच्या स्वातंत्र्यालाही राज्यघटनेचे संरक्षण आहे आणि ते तोडायचे तर कारण व प्रमाण दोन्ही पटले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन यांच्या प्रकरणात सांगितले. ते आम्हाला आमच्या अनुभवावरून अधिक चांगले समजते.

५

आता मुख्य मुद्दा. याला मानवी हक्कांचा प्रश्न का म्हणायचे?

संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र असून प्रतिष्ठा व हक्क यांबाबत समान आहेत, हे त्याचे पहिले कलम सांगते. बारावे कलम माणसाच्या खासगी जीवनावर, घरावर, तसेच त्याच्या अब्रूवर होणाऱ्या हल्ल्यांपासून संरक्षण देते. हे हक्क जसे प्रत्यक्ष जगात तसेच इंटरनेटवरही राखले गेले पाहिजेत, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जुलै २०१२ मध्ये केला. आपल्या राज्यघटनेचे सतरावे कलम अस्पृश्यता नष्ट करते आणि कोणत्याही रूपाने तिचे पालन करण्यास मनाई करते. 'कोणत्याही रूपाने' हे शब्द फार मोलाचे आहेत. घटनाकारांना मोबाइल माहीत नव्हता. पण जात रूपे बदलते, हे त्यांना पक्के माहीत होते. एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्कात खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा हक्क सामावलेला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात मान्य केले.

पण कलमांच्या यादीपेक्षा परिणाम पाहावा. माझ्या विद्यार्थिनीने काय गमावले? तिचे बोलणे थांबले. म्हणजे अभिव्यक्तीचा हक्क गेला. तिची हजेरी तुटली; म्हणजे शिक्षणाचा हक्क गेला. सर्वांबरोबर पहिल्या बाकावर बसणे गेले; म्हणजे समता गेली. शासनाने तिच्याकडून यातले काहीही काढून घेतले नव्हते. ते शेजाऱ्यांनी काढून घेतले आणि शासनाने ते होऊ दिले. आपल्याकडे माणसाचे हक्क हिरावून घेण्याचे काम बहुतेक वेळा राज्यसत्तेच्या आधी समाजसत्ता करते. हक्कांची चर्चा केवळ सरकार आणि नागरिक यांच्यापुरती ठेवणाऱ्या विचारवंतांना हे दिसत नाही. बाबासाहेबांनी महाडला २० मार्च १९२७ रोजी पाण्याला हात लावला, तो सरकारी ठरावाने तळे आधीच खुले झाले असताना. हक्क कागदावर होता, अडविणारा समाज होता.

६

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे कडक कायदा. येथे आपण फार सावध राहिले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ हे कलम २००९ पासून लागू होते. त्रासदायक किंवा घोर आक्षेपार्ह संदेश पाठविणे हा त्यात गुन्हा होता. पण आक्षेपार्ह म्हणजे काय हे पोलीस ठरवीत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या एका तरुणीला अटक झाली. ती ओळ आवडल्याची खूण केली म्हणून तिच्या मैत्रिणीलाही झाली. छळ थांबविण्यासाठी केलेले कलम बोलणाऱ्या मुलींवर उलटले. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केले. तरीही ठिकठिकाणी त्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिले आणि जुलै २०२१ मध्ये न्यायालयाला त्याबद्दल उघड आश्चर्य व्यक्त करावे लागले. अस्पष्ट शब्दांचा कायदा ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्याच उपयोगाला येतो. बाबासाहेबांची बावीस प्रतिज्ञांची भाषा किंवा आपली विद्रोही कविताही उद्या कोणाला 'आक्षेपार्ह' वाटू शकेल. म्हणून कोणाचे मन दुखावले यावर गुन्हा ठरू नये. माणसाच्या प्रतिष्ठेवर जातीच्या आधाराने हल्ला झाला का, यावर ठरावा.

असा कायदा आपल्याजवळ आहे. तो म्हणजे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. २६ जानेवारी २०१६ पासून त्याची सुधारित कलमे लागू झाली. लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा तिला जातीवरून शिवीगाळ करणे, या समाजांविरुद्ध लिहून, बोलून वा चित्रांतून द्वेष पसरविणे, तसेच या समाजांना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अवमान करणे हे त्यात गुन्हे आहेत.

सगळा वाद 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' या शब्दांचा आहे. चार भिंतींच्या आत, तिऱ्हाईत कोणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात म्हटले. मग मोबाइलचा पडदा चार भिंतींच्या आतला की बाहेरचा? दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये सांगितले की फेसबुकवरील मजकूर ठराविक लोकांपुरता मर्यादित ठेवला तरी तो लोकांच्या दृष्टीसमोर असू शकतो. मात्र त्या प्रकरणातील मजकूर विशिष्ट व्यक्तीला उद्देशून नव्हता, म्हणून तो गुन्हा रद्द झाला. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवरील एका मुलाखतीसंबंधी आणखी पुढचे पाऊल टाकले. पीडित व्यक्ती समोर उभी असण्याची गरज नाही. कोणी ती चित्रफीत पाहते त्या प्रत्येक वेळी अपमान तिच्या उपस्थितीतच होतो, असा त्या निकालाचा आशय आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाजन स्कारिया प्रकरणात एक मर्यादा स्पष्ट केली. ज्याचा अपमान झाला तो अनुसूचित जातीचा आहे एवढे पुरेसे नाही. अपमान तो त्या जातीचा आहे म्हणून झाला, हे दिसले पाहिजे.

७

या निकालांतून आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी घ्यायचे धडे अगदी व्यावहारिक आहेत. पहिला, संताप आला तरी मजकूर पुसू नये. पडद्याचा फोटो काढताना तारीख, वेळ, पाठविणाऱ्याचा क्रमांक आणि गटाचे नाव दिसेल असे पाहावे. एकच शिवी न टिपता तिच्या आधीचे आणि नंतरचे संभाषणही ठेवावे, कारण जातीचा संबंध बहुधा तेथेच उघड होतो. दुसरा, तो मजकूर आणखी कोणी पाहिला, त्या बाहेरच्या माणसांची नावे लिहून ठेवावीत. दोघांमधल्या खासगी संदेशापेक्षा गटावरचा मजकूर या कायद्याखाली अधिक टिकतो. तिसरा, मूळ मोबाइल जपावा. न्यायालयात अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ६३ वे कलम त्यासाठी आहे.

चौथा, तक्रार लेखी द्यावी आणि प्रथम माहिती अहवालाची प्रत मागावी, ती विनामूल्य मिळते. अत्याचार कायद्याखालील तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करायचा नसतो. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी याच कायद्याचे चौथे कलम आहे. फोटोची मोडतोड, पाळत किंवा धमकी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता यांतील कलमेही लावता येतात. पाचवा, वकिलाच्या फीचे भय बाळगू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना १९८७ च्या कायद्यानुसार विनामूल्य विधिसेवा मिळते. तालुक्याच्या न्यायालयातील विधिसेवा समितीकडे अर्ज करावा.

तरीही सगळा भार कायद्यावर टाकता येणार नाही. पोलीस ठाण्यात बसलेला माणूसही याच समाजातून आलेला असतो आणि 'मोबाइलवरचे भांडण आहे, मिटवून टाका' हा सल्ला आपल्या परिचयाचा आहे. महाविद्यालयांनी आपल्या आवारातील जातीय टवाळीला शिस्तभंग मानायचे आणि तीच टवाळी वर्गाच्या गटावर झाली की कानावर हात ठेवायचे, हे चालणार नाही. वर्गाचा गट हा वर्गच आहे. तेथे गप्प बसणारा शिक्षक हसणाऱ्यांच्या रांगेत उभा असतो. मराठा, माळी, ब्राह्मण अशा कोणत्याही घरातील ज्या मुलाला ती ओळ चुकीची वाटते, त्याने तेथेच 'हे चुकीचे आहे' एवढे लिहिले, तरी चावडीचे एकमत मोडते. अपमानाची खरी ताकद शिवी देणाऱ्या एकापेक्षा गप्प राहणाऱ्या शंभरांत असते.

आणि आपल्या घरांनीही एक निर्णय घेतला पाहिजे. मुलीचा छळ झाला म्हणून तिच्या हातातला मोबाइल काढून घेऊ नये. तो तिच्या हाती राहू द्यावा आणि तक्रार लिहायला तिच्या शेजारी बसावे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी शाईच्या दौतीसाठी, कागदाच्या रिमासाठी, छापखान्याच्या बिलासाठी पोटाला चिमटा घेतला, तो आपल्या लेकींनी मुके व्हावे म्हणून नव्हे.